'पारंपरिक' कोणी लिहिले?

एका गीतसंग्रहाचे परीक्षण लिहिण्यासाठी तो वाचत असताना एका गीताखाली 'पारंपरिक' असा शब्द छापलेला मला दिसला. ते गीत मी लहानपणी आमच्या वस्तीत, भीमजयंतीच्या रात्री, ते रचणाऱ्या शाहिराच्याच तोंडून ऐकले होते. शेवटच्या कडव्यात त्याचे नाव होते. संपादकाने नेमके तेच कडवे गाळले होते. कवी नाहीसा झाला आणि गीत परंपरेच्या खात्यावर जमा झाले.

याला मी छपाईची चूक मानत नाही. ही दृष्टीची चूक आहे. चोखामेळ्यापासून वामनदादा कर्डकांपर्यंत शेवटच्या चरणात नाव गुंफण्याची रीत आहे. ज्यांच्या हाती छापखाना नव्हता त्यांची नोंदवही ती नाममुद्राच होती. सोयराबाईला तर अनेक अभंगांत नवऱ्याच्या नावाने आणि जातीच्या नावानेच स्वतःची ओळख द्यावी लागली. प्रस्थापित समीक्षेने आमच्या मौखिक रचनेला 'लोकसाहित्य' म्हणून गौरविले. परंतु त्या लोकांत एक लिहिणारा माणूस असतो, हे ती सोयीस्करपणे विसरली.

आपलेही काही कार्यकर्ते म्हणतात, "गाणे चळवळीचे आहे, त्यावर मालकी कसली?" येथे दोन गोष्टींची गल्लत होते. मालकी वेगळी आणि कर्तृत्व वेगळे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानेही हा भेद मानला आहे. हक्क दुसऱ्याला लिहून दिल्यानंतरही कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा अधिकार कलम 57 प्रमाणे लेखकाकडेच राहतो. गाणे साऱ्यांना द्यावे. नाव मात्र कोणी घेऊन जाऊ नये.

कॉपीराइट नोंदणीने जन्माला येत नाही. कृती निर्माण होताच तो लाभतो. मग नोंदणी कशासाठी? पुराव्यासाठी. वाद कोर्टात गेला तर नोंदवहीतील नोंद प्रथमदर्शनी पुरावा ठरते, आणि आपल्या माणसाजवळ नेमका पुरावाच नसतो. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे चौदाव्या नमुन्यात अर्ज करावयाचा; तो आता ऑनलाइनही करता येतो. एका साहित्यकृतीला 500 रुपये शुल्क आहे. अप्रकाशित कृतीच्या दोन प्रती जोडाव्या लागतात. अर्जाचा डायरी क्रमांक मिळाल्यावर 30 दिवस हरकतींसाठी थांबावे लागते, मग छाननी होते. शब्द आणि चाल या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या कृती आहेत, हे शाहिरांनी विशेष ध्यानात ठेवावे.

प्रकाशकाने पुढे केलेल्या कागदावर डोळे मिटून सही करू नये. हक्क लेखी आणि सहीनिशीच दुसऱ्याकडे जातात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क टिकतो. वामनदादा 2004 साली गेले. म्हणजे त्यांच्या गीतांवरील हक्क 2064 अखेरपर्यंत आहे. अशा गीतांना 'पारंपरिक' म्हणणे हे अज्ञान तरी आहे किंवा लबाडी तरी.

तरीही या कायद्याची मर्यादा मला दिसते. त्याला कागद हवा. ज्याचे गाणे कंठात आहे आणि वही पावसात भिजून गेली आहे, त्याने दोन प्रती कोठून आणाव्यात? हे काम विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी अंगावर घेतले पाहिजे. शाहिरासमोर बसून गाणे शेवटच्या कडव्यासकट उतरवून घ्या, खाली तारीख घाला, त्याची सही वा अंगठा घ्या. यापुढे एखाद्या संग्रहात 'पारंपरिक' हा शब्द दिसला की मी पहिला प्रश्न हाच विचारणार आहे : शेवटचे कडवे कोठे आहे?