चालणारा खुबा आणि बसणारा खुबा : कूर्चेच्या संगणकीय प्रतिमानांची एक चिकित्सा

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे सर्वदूर परिचित आहे. येथे येणारा भाविक दंडवत घालून उठतो, पंगतीला मांडी घालून बसतो. शिवारात खुरपणी करणारी स्त्री उकिडवी बसून, सरकत सरकत आपली पात पूर्ण करते. या कृतींत खुब्याचा सांधा साध्या चालण्यापेक्षा कितीतरी अधिक वाकतो. मराठवाड्यातील बहुतेक गावांचे चित्र याहून वेगळे नाही. मात्र हाच माणूस खुबा दुखतो म्हणून दवाखान्यात गेला की ‘खाली बसू नका, मांडी घालू नका’ असा सल्ला त्याला मिळतो. हा सल्ला योग्यही असू शकेल. परंतु जमिनीवर बसताना खुब्यातील कूर्चेवर नेमका किती दाब येतो, हे आपणास ठाऊक आहे काय ? सांध्यातील दाबाचे गणित मांडण्याचा दावा करणाऱ्या संगणकीय प्रतिमानांकडून या प्रश्नाचे उत्तर कितपत मिळते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रतिमानांचे स्वरूप :

खुब्याचा सांधा म्हणजे कटीच्या हाडातील उखळीत बसलेला मांडीच्या हाडाचा गोल माथा होय. या दोन्ही पृष्ठांवर कूर्चेचा काही मिलिमीटर जाडीचा थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. त्यामुळे कूर्चेला इजा झाली तरी सुरुवातीस वेदना होत नाही आणि झीज सहजी भरूनही येत नाही. कूर्चेच्या वजनाचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग पाण्याचा असतो. १९८० मध्ये व्हॅन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घनपदार्थ व द्रव या दोन घटकांचे मिश्रण मानून कूर्चेचे गणिती विवेचन केले. भार पडताच प्रथम आतील द्रव तो पेलतो आणि द्रव हळूहळू सरकू लागल्यावर घन जाळीवर भार येत जातो, हे त्याचे सार होय. म्हणजेच भार किती आहे याबरोबरच तो किती वेळ टिकतो, हेही महत्त्वाचे ठरते.

संगणकावर हे गणित सोडविण्यासाठी फायनाइट एलिमेंट पद्धतीचा अवलंब केला जातो. सीटी स्कॅनवरून सांध्याचा आकार घेऊन त्याचे हजारो लहान घटकांत विभाजन करतात, प्रत्येक घटकास पदार्थाचे गुणधर्म देतात आणि बाहेरून भार लावून दाबाचे वाटप काढतात. अमेरिकेतील युटा विद्यापीठात विकसित झालेली ‘फेबायो’ ही संगणकप्रणाली याच कामासाठी असून ती संशोधनासाठी विनामूल्य उपलब्ध आहे.

पडताळणी कशाची झाली ?

या क्षेत्रात वारंवार आधार घेतला जाणारा अभ्यास अँडरसन, वाइस व सहकारी यांचा असून तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी मृतदेहातील एका खुब्यावर दाबमापक फिल्म ठेवून दाब प्रत्यक्ष मोजला आणि त्याच खुब्याच्या प्रतिमानाशी त्याची तुलना केली. प्रयोगातील सरासरी दाब ४.४ ते ५.० मेगापास्कल, तर प्रतिमानाचा ५.१ ते ६.२ मेगापास्कल आला. (१ मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १० किलो भार.) स्वतःचे अनुमान मोजमापाच्या कसोटीवर घासून पाहण्याची ही वृत्ती निश्चितच प्रशंसनीय आहे. तथापि या अभ्यासाच्या दोन मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली मर्यादा सर्वोच्च दाबाची. प्रतिमानाने सर्वोच्च दाब १०.८ ते १२.७ मेगापास्कल वर्तविला. परंतु फिल्मची मापनक्षमता १० मेगापास्कलपर्यंतच होती. फिल्मने ती मर्यादा ओलांडल्याचे दाखविले, किती ओलांडली हे दाखविले नाही. कूर्चेला इजा कोठे होईल याचा अंदाज ज्या आकड्यावरून बांधावयाचा, तो आकडाच अशा रीतीने मोजमापाच्या पलीकडे राहिला. शिवाय कूर्चेची जाडी वा ताठरता बदलून पाहिली असता सर्वोच्च दाबात सुमारे २५ टक्क्यांपर्यंत फरक पडला, हे लेखकांनी स्वतःच प्रामाणिकपणे नोंदविले आहे.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. तपासलेल्या क्रिया तीनच होत्या : चालणे, जिना चढणे आणि जिना उतरणे. अशा अभ्यासांत भाराचे आकडे बहुधा बर्गमन व सहकाऱ्यांच्या २००१ मधील मोजमापांतून घेतले जातात. त्यांनी चार रुग्णांच्या कृत्रिम खुब्यांत संवेदक बसवून भार मोजला. चालताना तो शरीराच्या वजनाच्या सरासरी २३८ टक्के आढळला. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाच्या खुब्यावर सुमारे १४३ किलो. या मोजमापांत खुर्चीवर बसणे, उठणे व गुडघे वाकविणे यांचाही समावेश होता. परंतु जमिनीवर मांडी घालणे किंवा पूर्ण उकिडवे बसणे त्यात नव्हते. या संशोधकांपुढे असलेला माणूस खुर्चीवर बसणारा होता, हे उघड आहे.

बसण्याचा प्रश्न :

बसण्या-उठण्याने निष्कर्ष बदलतो, याचे पुरावे याच वाङ्मयात आहेत. हॉज व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये संवेदक बसविलेल्या खुब्यात खुर्चीवरून उठताना १८ मेगापास्कलपर्यंत दाब नोंदविला. २००९ मध्ये चेगिनी, बेक व फर्ग्युसन यांनी खुब्याचे निरनिराळे आकार संगणकावर तपासले. उखळीच्या काठावर हाड घासण्याची प्रवृत्ती असलेल्या खुब्यांत खरा ताण चालताना नव्हे, तर बसताना निर्माण होतो, असे त्यांना आढळले. म्हणजे केवळ चालण्यावर तपासलेले प्रतिमान एखाद्या खुब्यास निर्दोष ठरवील आणि तोच खुबा पंगतीत दोषी ठरेल. ‘पडताळलेले प्रतिमान’ हा शब्दप्रयोग म्हणूनच ‘कोणत्या हालचालीसाठी पडताळलेले’ या पुस्तीशिवाय अपुरा आहे.

भारतीय बैठकीची दखल कोणीच घेतली नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. हेमरिच व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ३० भारतीय व्यक्तींच्या हालचाली मोजल्या. टाचा टेकवून उकिडवे बसताना खुबा सरासरी सुमारे ९५ अंश वाकतो, असे त्यांना आढळले. परंतु व्यक्तिव्यक्तींतील प्रमाण विचलन सुमारे २७ अंशांचे होते. एवढी तफावत असताना ‘भारतीय बैठक’ अशी एकच बैठक गृहीत धरणे धोक्याचे आहे. तसेच हा अभ्यास कोनांचा आहे, कूर्चेवरील दाबाचा नाही. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय रुग्णांच्या गरजा लक्षात घेऊन ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा विकसित केला, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु तो विचार झिजलेल्या गुडघ्याच्या बदलीचा आहे. शाबूत खुब्यातील कूर्चेचा प्रश्न त्याने सुटत नाही.

येथे विरुद्ध टोकाचा मोहही टाळावयास हवा. बीजिंगमधील पाहणीत खुब्याचा संधिवात अमेरिकेतील गौरवर्णीयांपेक्षा पुष्कळच कमी आढळल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून उकिडवे बसणे खुब्यास हितकारक आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. हाडांची ठेवण व आनुवंशिकता ही कारणेही संभवतात. परंपरेचा अभिमान हा मोजमापाचा पर्याय होऊ शकत नाही.

समारोप :

खुब्याच्या कूर्चेची संगणकीय प्रतिमाने चालण्याच्या संदर्भात, विशेषतः सरासरी दाबापुरती, विश्वसनीय म्हणता येतात. खुरपणीच्या पातीवर दीर्घकाळ उकिडव्या बसलेल्या स्त्रीविषयी ती अद्याप मौन बाळगतात. आणि भाराचा कालावधी कूर्चेसाठी निर्णायक असल्याने हे मौन गंभीर आहे. तोवर ‘खाली बसू नका’ हा सल्ला वैद्यकीय अनुभवाच्या आधारे द्यावा. त्यास संगणकीय सिद्धतेचे वजन देऊ नये. ज्या स्त्रीची मजुरी खाली बसण्यावर अवलंबून आहे, तिच्या दृष्टीने या सल्ल्याची किंमत फार मोठी असते.

ही उणीव भरून काढण्यात ग्रामीण महाविद्यालयांचाही वाटा असू शकतो. बैठकींचे कोन आणि बसण्याचा कालावधी नोंदविण्यासाठी शारीरिक शिक्षण, भौतिकशास्त्र व गणित या विभागांना एकत्र येता येईल. साध्या कॅमेऱ्यानेही प्राथमिक नोंदी करता येतात. कोनांवरून दाब कळणार नाही, हे खरे. परंतु या नोंदींवाचून पुढील प्रतिमानाला जमिनीवर बसलेला माणूस दिसणारच नाही.