खिशाला परवडणारा चाकू

पगारवाढीचा फरक हातात पडला की आपल्या संसारात काहीतरी कमी आहे असे माणसाला वाटू लागते. यंदा मला चाकू कमी आहे असे वाटले.

त्याला कारण आमच्या शाखेतली तरुण मंडळी. मी राहतो अमरावतीला, नोकरी अकोल्याला. बडनेऱ्याहून रोजचे अपडाऊन. डब्यात एका पोरसवदा सहकाऱ्याने सांगितले, "काका, आम्ही कॅम्पिंगला जातो आहोत." म्हटले, म्हणजे काय करता? तर म्हणे गावाबाहेर तंबू ठोकायचा, तिथेच शिजवायचे, तिथेच झोपायचे. अरे, मग ही तर बहिरमची जत्रा! चांदूरबाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, डिसेंबरच्या शेवटी ही जत्रा भरते. आमच्या घराण्याने तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहुट्या ठोकल्या, गोवऱ्यांवर रोडगे भाजले, मातीच्या हंडीत मटण शिजवले. त्याला कॅम्पिंग म्हणतात हे कोणी वेळेवर सांगितले नाही, म्हणून आमची प्रतिष्ठा वाढायची राहून गेली. त्या पोराने मग सामानाची यादी वाचली. त्यात होता घडीचा चाकू, "जो काका, रोजच खिशात असायला पाहिजे."

मी बी.कॉम. आहे. दरपत्रके मागवल्याशिवाय टाचणीसुद्धा घेऊ नये, असे संस्कार आहेत. अंदाजपत्रकात रुपये पाचशे मंजूर केले आणि परीक्षणाला बसलो.

पहिले नाव रामपुरीचे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा चाकू हिंदी सिनेमाने इतका गाजवला की त्याच्याने कोणी कांदा कापलेला आजवर पडद्यावर दिसला नाही. त्याचे सगळे कर्तृत्व उघडण्याच्या आवाजात. भाजी चिरणाऱ्याला आवाजाचा काय उपयोग? शिवाय कायदा आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रात धरतात. घरातली-शेतातली अवजारे तेवढी वगळली आहेत. त्याहून आखूड असले म्हणून निश्चिंत होऊ नये. सणासुदीला १९५१ च्या पोलीस कायद्यातले कलम ३७ लावून शस्त्रबंदी जाहीर होते, तेव्हा खिशातले पाते मोजायला हवालदार फूटपट्टी घेऊन येत नाही. रामपुरी नामंजूर.

दुसरा नमुना अकोल्याच्या बाजारात मिळाला. एकात अकरा वस्तू! मूळ कल्पना स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांची. त्यांच्या १८९७ च्या चाकूत बुचे काढायचा मळसूत्री स्क्रूही होता. मूळ वस्तू उत्तमच, पण तिचा भाव माझ्या अंदाजपत्रकाच्या पलीकडचा. माझ्या हाती आली ती नक्कल. पाते हवे तेव्हा कात्री निघायची, कात्री हवी तेव्हा नखकोरणी. पाते शेवटी निघायचे, तेही माझे नख घेऊन. बुचाच्या स्क्रूने सौ.ने वर्षभर पायजम्यात नाडी ओवली, हे त्याच्या बाजूने नमूद करतो.

तिसरा ओपिनेल, फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातला, १८९० पासूनचा. लाकडी मूठ, एक पाते आणि १९५५ पासून मुठीच्या तोंडाशी एक फिरते कडे. ते फिरवले की उघडे पाते मिटत नाही. बस्स, एवढेच. हा मला फार आवडला. भाव विचारला आणि आवडणे तिथेच थांबवले.

मग जे मध्यमवर्गीय माणूस नेहमी करतो तेच मी केले. नाव नसलेला, चकचकीत, एकशेऐंशीचा चाकू घेतला. पाते तीन इंच, स्टेनलेस. कडे नाही, खटका नाही. "साहेब, जंगत नाही," दुकानदार म्हणाला. खरेच जंगला नाही. कापतो का, हे मी विचारले नव्हते.

बहिरमला राहुटीत मसाल्याची तयारी चालली होती. सुक्या खोबऱ्याची वाटी काही केल्या कापली जाईना. मी जोर केला. तरी जाईना, म्हणून टोक खुपसले. चाकूने त्या क्षणी मिटायचे ठरवले आणि मिटताना माझी तर्जनी आत घेतली. चार टाके पडले. पंधरा दिवस काउंटरवर नोटा मोजताना ग्राहक माझ्या बोटाकडे असे पाहत, जणू मीच तिजोरी फोडायला गेलो होतो.

सासरे राहुटीतच होते. ते शेंदुरजना घाटचे. संत्र्याची कलमे तयार करण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी माझा चाकू उचलला, अंगठ्याने नव्हे, वर्तमानपत्राच्या कागदावर धार पाहिली. कागद फाटला, कापला गेला नाही.

"जवाईबापू, हे कायले घेतलं? हे त दाबा लागते. दाबा लागला का तो मिटनारच."

त्यांनी बंडीच्या खिशातून आपला काढला. घडीचाच, कडे नाही, खटका नाही. लाकडी मूठ, पोलादी पाते, दगडावर घासून घासून निम्मे उरलेले. आमच्या घसाऱ्याच्या हिशेबाने त्याची किंमत केव्हाच शून्य झाली असती. मुठीच्या मागे पितळेची बारीक जीभ. जंबेरीच्या खुंटावर जमिनीपासून वीतभर उंचीवर टी अक्षरासारखी चीर द्यायची, त्या जिभेने साल अलगद उचलायची, आत संत्र्याचा डोळा सरकवून पट्टी बांधायची. धार बोथट असली तर साल चेंगरते आणि डोळा वाळतो. पन्नास वर्षांत हा चाकू त्यांच्या बोटावर एकदाही मिटला नव्हता, कारण त्यांना तो कधी दाबावाच लागला नाही. पोलाद जंगते, लिंबाने काळे पडते, पुसून ठेवावे लागते. पण दगडावर पाच मिनिटांत धार येते. माझ्या स्टेनलेसला तो गुण नव्हता. खटक्याला नाव ठेवत नाही, असावाच. मात्र धार नसलेल्या चाकूला खटका म्हणजे बुडीत कर्जाला तारण.

मी खोबऱ्यासाठी त्यांचा चाकू मागितला. त्यांनी हात मागे घेतला.

"याच्यानं डिंक्या खरोडतो मी. याच्यानं खायाचं नाही कापाचं."

परत आल्यावर अकोल्याच्या एका कृषी केंद्रातून तसाच कलमाचा चाकू घेतला आणि धारेचा दगड. दोन्ही मिळून पाचशेच्या आत. शिल्लक रकमेत चहा झाला. रुळावर डबा हलत असताना पेरूच्या फोडी करतो. कॅम्पिंगवाला पोरगा आता रोज समोरच बसतो.

मागच्या महिन्यात रविवारी सासऱ्यांनी बोलावून घेतले. त्यांचा हात आता थरथरतो. बागेत तीन झाडांच्या बुंध्यावर डिंक्या होता. रोगट साल हिरवी जिवंत साल लागेपर्यंत खरवडायची आणि वर बोर्डो पेस्ट लावायची. कमी खरवडले तर रोग राहतो, जास्त खरवडले तर झाड जाते. त्यांनी माझा चाकू मागितला, कागदावर धार पाहिली आणि काही न बोलता परत माझ्याच हातात दिला. स्वतः बोरीचे पोते टाकून शेजारी बसले. पहिल्या झाडाला मला पाऊण तास लागला. घामाने चष्मा घसरत होता.

"घाई नोका करू," मामाजी म्हणाले, "आज बँक बंद हाय."