‘मुळशी पॅटर्न’: कारण आणि समर्थन

मंडळी, मुळशी आपल्याच जिल्ह्यात. आपण पूर्वेला, ती पार पश्चिमेला. म्हणून या चित्रपटाकडे आम्ही लांबची गोष्ट म्हणून पाहू शकत नाही.

प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ नोव्हेंबर २०१८ मध्ये आला. तो कुणा एका गुंडाचं चरित्र म्हणून आला नाही. पण कोथरूड-मुळशी पट्ट्यातल्या टोळ्या आणि २००६ साली झालेला संदीप मोहोळचा खून प्रेक्षकांच्या डोक्यात होताच.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. सखा पाटील जमीन विकतो, विकलेल्या जमिनीवरच राखणदार होतो, मग पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली करतो. त्याचा मुलगा राहुल टोळीत शिरतो आणि भाई होतो. मोहन जोशींनी उभा केलेला बाप हे या चित्रपटाचं खरं बळ. मालकाचा नोकर झालेला माणूस कसा उभा राहतो, कसा बसतो, ते त्यांनी न बोलता दाखवलंय.

मुळशीला याआधीही जमीन गमावण्याचा इतिहास आहे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध तिथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. तरी धरण झालं, जमिनी बुडाल्या. त्या पिढीची जमीन हिसकावली गेली. पुढं हिंजवडीला आयटी पार्क आलं, भाव चढले, आणि नंतरच्या पिढीनं जमीन विकली. हिसकावणाऱ्याविरुद्ध सत्याग्रह करता येतो. आपणच विकल्यावर कुणाविरुद्ध करायचा? मग राग घरातच फिरत राहतो. हे या चित्रपटानं अचूक पकडलंय.

आमची तक्रार पुढची आहे. तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगायचो: कारण वेगळं, समर्थन वेगळं. पुरानं भिंत पडली, तर पूर हे कारण. तिथं विषय संपला. माणसाचं तसं नसतं, त्याच्यापुढं निवड असते. जमीन बापाचीही गेली, मुलाचीही गेली. बापानं पोतं उचललं, मुलानं हत्यार. हा फरक चित्रपटाच्या कथेत आहे, पण कॅमेरा तो विसरतो. मुलगा भाई झाला, की कॅमेरा त्याच्या चालीवर भाळतो. परिणाम आपण पाहिला: भाईच्या थाटाचं गाणं वरातीत, मिरवणुकीत वाजलं. बापाच्या पाठीवरचं पोतं कुणी मोबाइलवर स्टेटस म्हणून ठेवलं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये कोथरूडच्या सुतारदऱ्यात शरद मोहोळचा खून झाला. गोळ्या झाडणारे त्याच्याच बरोबर वावरणारे होते, असं पोलिसांनी सांगितलं. तिथं ना संगीत होतं, ना संथ चाल. चित्रपटानं सांगितलेला शेवट खराच होता. पण पोरांनी शेवट ऐकला नाही, मधला भाग तेवढा उचलला. त्यात पोरांचा दोष आहे, तसा सांगणाऱ्याचाही आहे.

आता आपल्या दाराशी या. तुकोबांच्या पालखीपुढं जिथं मेंढ्यांचं रिंगण होतं, त्याच रस्त्याचा महामार्ग झालाय. भूसंपादनाचा पैसा या पट्ट्यात अनेक घरांत आला. पैसा येणं हा काही गुन्हा नव्हे. पण तो आल्यावर घरातलं पोरगं सकाळी उठून काय करतं, एवढं विचारायला पोलीस लागत नाही, बाप पुरतो. ‘मुळशी पॅटर्न’ पुन्हा पाहाल, तेव्हा भाईकडे कमी बघा, हमालाकडे जास्त.