‘डायब्लो इमॉर्टल’चे सहा क्लास आणि एक बंद दार

प्रस्ताव लिहायला बसलात की पहिल्याच पानावर एखादा शब्द आडवा येतो. माझ्या विषयात तो शब्द ‘क्लास’. ऑनलाइन फँटसी ॲक्शन गेम उघडला की सुरुवातीलाच विचारणा होते, तुमचा क्लास निवडा. बार्बेरियन, विझार्ड, मंक वगैरे. आता मराठीत प्रस्ताव लिहिताना याला काय म्हणाल? ‘वर्ग’ म्हटलं की वाचणाऱ्याला शाळेची खोली आठवते, नाहीतर मार्क्स. ‘जात’ म्हटलं तर गाईड चष्म्यावरून बघतील. ‘प्रकार’ म्हटलं तर काहीच म्हटलं नाही. ही अडचण मला फार उपयोगाची वाटते. तिच्याच आधाराने आज एक गेम वाचू. जून 2022 मध्ये ब्लिझार्ड आणि नेटइझ या कंपन्यांनी मोबाइलवर आणलेला ‘डायब्लो इमॉर्टल’.

गेम फुकट आहे. राक्षसांनी भरलेलं अंधारं जग, वरून दिसणारी छोटी माणसं, डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्या अंगठ्याने मारायचं. एक साधा वार, चार कौशल्यं, आणि वार करत राहिलात की हळूहळू भरणारा एक मोठा हल्ला. सुरुवातीला सहा क्लास होते: बार्बेरियन, क्रुसेडर, डीमन हंटर, मंक, नेक्रोमॅन्सर आणि विझार्ड. 2023 मध्ये ब्लड नाइट आला, पुढे आणखी भर पडली.

आधी याचं कूळ बघू, कारण त्याशिवाय टीका पोकळ होते. 1974 साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर कागद आणि फासे घेऊन खेळायचा खेळ आला. त्यात तीन क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. लढवय्याला जादू येणार नाही, जादूगाराला चिलखत घालता येणार नाही, जखमा भरून काढायच्या तर धर्मगुरूकडे जायचं. म्हणजे क्लासची व्याख्या ‘मला काय येतं’ यापेक्षा ‘मला काय येत नाही’ यावर जास्त उभी होती. आणखी एक गंमत बघा. 1981 च्या सुटसुटीत आवृत्तीत माणसांना लढवय्या, जादूगार, चोर असे पर्याय होते. एल्फ, ड्वार्फ आणि हाफलिंग यांना मात्र नव्हते. एल्फ हाच त्याचा क्लास. तुम्ही ड्वार्फ म्हणून जन्मलात की तुमचं काम ठरलं! हे वाचून तुमच्या मनात जे आलं, तेच माझ्याही मनात आलं. पण जरा थांबा, तिकडे येऊच.

कॉम्प्युटरवर हा साचा दोन वाटांनी गेला. एक वाट ‘एव्हरक्वेस्ट’ (1999) आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (2004) यांची. तिथे कामांचं त्रिकूट पक्कं झालं: एकाने मार झेलायचा, एकाने जखमा भरायच्या, बाकीच्यांनी शत्रूला मारायचं. जखमा भरणारा मिळेपर्यंत मंडळी अर्धा-अर्धा तास खोळंबून राहत. दुसरी वाट ‘डायब्लो’ची. पहिल्या ‘डायब्लो’त क्लास ही फक्त सुरुवात होती. वॉरियरनेही पुरेसं मॅजिक कमावलं तर मंत्राचं पुस्तक वाचून मंत्र शिकता येई. ‘डायब्लो 2’मध्ये (2000) ते दार लागलं. प्रत्येक क्लासची कौशल्यं वेगळी, दुसऱ्याला न मिळणारी. वर लिंगही ठरलेलं: बार्बेरियन पुरुषच, सॉर्सरेस बाईच. लिंग निवडायची मोकळीक मिळायला ‘डायब्लो 3’ची, म्हणजे 2012 ची, वाट बघावी लागली.

आता तो मघाचा विचार. जन्माच्या क्षणी ठरणारं, पुढे न बदलणारं, ठरलेलं काम, ठरलेलं हत्यार, ठरलेले कपडे. याला आपल्याकडे एक शब्द आहे. सेमिनारमध्ये हे वाक्य टाकलंत तर टाळ्या मिळतील, म्हणूनच सावध राहा. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, म्हणजे तुमच्याच वयाचे. त्या निबंधात जातीचं मर्म ते व्यवसायात शोधत नाहीत. ते सापडतं सजातीय विवाहाच्या सक्तीत. ‘डायब्लो’त लग्नं होत नाहीत, वारसा नाही, विटाळ नाही, आणि बार्बेरियनला विझार्ड कमी लेखत नाही. त्यामुळे ‘गेममधला क्लास म्हणजे जात’ हे विधान त्या निबंधाच्या कसोटीवर पडतं. जातीचा अनुभव ज्यांनी भोगलाय त्यांच्यासमोर ते जरा उथळही वाटेल.

पण त्या निबंधातून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे प्रश्न विचारायची रीत. जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग, असं तिथलं सूत्र आहे. म्हणजे वर्ग आधीपासून असतात, अभ्यासकाने शोधायचं ते हे, की दार कुठे लागलं, कोणी आतून लावलं आणि कोणासमोर लागलं. हा प्रश्न घेऊन ‘डायब्लो इमॉर्टल’कडे चला.

क्लासचं दार उघडं आहे, अगदी सताड. जुलै 2022 मध्ये क्लास बदलायची सोय आली. आज नेक्रोमॅन्सर, पुढच्या आठवड्यात क्रुसेडर. बरं, क्लास बदलला तरी तुम्ही कमावलेले पॅरागॉन लेव्हल तसेच राहतात, आणि लेजेंडरी रत्नंही तुमच्याकडेच राहतात. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा.

त्रिकूटही इथे विरघळलंय. प्रत्येकाकडे आपापलं औषध असतं, मेलेल्या राक्षसातून जीव भरणारे लाल गोळे पडतात, निव्वळ जखमा भरणारा असा क्लासच नाही. मंक किंवा क्रुसेडर साथीदारांना ढाल देतात खरे, पण ती नसली म्हणून कोणी खोळंबत नाही. आठ जणांच्या मोठ्या लढायांतसुद्धा ‘अमुक क्लास हवाच’ अशी आरोळी फारशी ऐकू येत नाही. विचारतात ते तुमचं ‘कॉम्बॅट रेटिंग’, म्हणजे एक आकडा.

हा आकडा कशाने वाढतो? बऱ्याच गोष्टींनी, पण वरच्या टोकाला रत्नांनी. एका वेळी सहा लेजेंडरी रत्नं अंगावर घालता येतात. ती एक, दोन किंवा पाच ताऱ्यांची असतात, आणि एक रत्न दहाव्या पायरीपर्यंत चढवायला त्याच रत्नाच्या आणखी प्रती त्यात ओताव्या लागतात. रत्नं मिळवायचा मुख्य मार्ग म्हणजे ‘एल्डर रिफ्ट’ नावाच्या गुहेत जाण्याआधी लेजेंडरी क्रेस्ट लावणं. हे क्रेस्ट फुकटात मोजके मिळतात, पैशाने हवे तेवढे. एका क्रेस्टमागे पाच ताऱ्यांचं रत्न निघण्याची कंपनीने जाहीर केलेली शक्यता 4.5 टक्के, आणि निघालं तरी बहुतेक वेळा त्याचे पाचपैकी दोनच तारे पेटलेले. सोडतीचा हा प्रकार कायद्यात बसणार नाही म्हणून बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये गेम आणलाच नाही.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवा. क्लास बदलता येतो, रत्नं बदलत नाहीत. म्हणजे या गेममध्ये तुमची खरी ओळख कुठे साठवलेली आहे?

मी भिवंडीत राहतो. इथे संध्याकाळी पाळी बदलते तेव्हा चहाच्या टपरीवर मोबाइल आडवे होतात. बहुतेकांच्या हातात ‘फ्री फायर मॅक्स’ असतो, पण ‘डायब्लो’वालेही आहेत. कारखान्यात काम करणाऱ्या एका ओळखीच्या तरुणाला मी सहज विचारलं, तुझा क्लास कोणता? तो नेक्रोमॅन्सर खेळतो हे मला दिसत होतं, त्याच्यामागे सांगाड्यांची फलटण चालली होती. तो म्हणाला, “अपना? फ्रीवाला.” मग शेजारच्याकडे हनुवटी करून, “वो टॉप-अपवाला.”

एका उत्तरावर सिद्धांत उभा राहत नाही, हे तुम्हाला संशोधन पद्धतीच्या पेपरात शिकवतील आणि ते बरोबरच आहे. पण ‘उत्तरदात्याला प्रश्न समजला नाही’ असा शेरा मारून हे उत्तर बाजूला टाकू नका. त्याला प्रश्न नीट समजला होता. पडद्यावर जे क्लास लिहिलेत त्यांच्याखाली दोन क्लास आहेत, हे त्याने तीन सेकंदांत सांगितलं. इंग्रजीत ‘क्लास’चे दोन अर्थ एकाच शब्दात दडून बसतात. मराठीत आपल्याला थांबून विचार करावा लागतो, आणि त्या मुलाच्या हिंदीत तर तो विचार करूनच झालेला होता.

इथे एक मोह होतो. वाटतं, जुन्या खेळांतलं त्रिकूट किती छान, एकमेकांवाचून अडायचं, त्यातून माणसं जोडली जायची. खेळांवर लिहिणाऱ्यांत हा हळवेपणा पुष्कळ आहे. भिवंडीत राहून मला तो पटत नाही. लूमच्या खोलीत सगळं एकमेकांवर अवलंबून असतं. कांडी भरणारा नसेल तर धोटा रिकामा, धोटा रिकामा तर लूम उभा. लूम बिघडला की जॉबर येईपर्यंत विणणाऱ्याचे मीटर थांबले, आणि मीटरवर मजुरी असेल तर तीही थांबली. इतकं परस्परावलंबन असूनही कांडीवाला, विणणारा आणि शेठ समान होत नाहीत. कोणाला कोणाची गरज आहे हा एक प्रश्न, आणि त्या गरजेची किंमत कोण ठरवतं हा दुसरा. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये जखमा भरणाऱ्याची किंमत वाट बघणारे ठरवत होते. ‘डायब्लो इमॉर्टल’मध्ये कोणाचीच गरज उरली नाही, तेव्हा किंमत दुकानाने ठरवली. मला जुन्या रचनेचं कौतुक करायचं नाही, पण गरज काढून टाकल्यावर रिकाम्या जागेत काय आणून बसवलं हे बघायला हवं.

आणि बघा, गेम स्वतः हे लपवतसुद्धा नाही. प्रत्येक सर्व्हरवर ‘इमॉर्टल्स’ नावाचा सत्ताधारी गट असतो, त्याच्या शिरावर एक मुकुटधारी. बाकीचे ‘शॅडोज’ होऊन त्याला आव्हान देतात. जिंकले की तेच इमॉर्टल्स होतात आणि चक्र पुन्हा सुरू. सत्ताधारी वर्ग, बंड, नवे सत्ताधारी, सगळं कथानकात बसवलेलं आहे. कल्पना म्हणून हा गेमचा सर्वांत धाडसी भाग आहे. एका लढाईत तर मुकुटधारी खेळाडू स्वतः अवाढव्य राक्षसासारखा होतो आणि तीस जण त्याच्यावर तुटून पडतात. पण आव्हान देणाऱ्यांचं बळ पुन्हा त्याच आकड्यावर तोललं जातं, त्यामुळे बंड करायलाही टॉप-अप लागतो. कथानक म्हणतं सत्ता फिरती आहे, हिशेब म्हणतो ती साठत जाते. कथा आणि नियम यांच्यातली ही फट मला लेखकांची चूक वाटत नाही. दोन वेगळ्या टेबलांवर बसून दोन वेगळ्या माणसांनी आपापलं काम चोख केलंय, असं वाटतं.

गेम वाईट आहे असं मात्र लिहू नका, तो नाहीये. विझार्डने बर्फाचा स्फटिक उभा करायचा आणि त्यावर किरण सोडायचा, की किरण फुटून चहूकडे पसरतो. दोन कौशल्यांची अशी सांगड सहा इंचांच्या काचेवर अंगठ्याला सापडते, हे उत्तम काम आहे. बार्बेरियनच्या गरगर फिरण्यात वजन आहे. नेक्रोमॅन्सर निवडणारा माणूस मागे राहून, सांगाड्यांना पुढे घालून लढतो, आणि त्या खेळण्याला स्वतःचा स्वभाव आहे. पहिले कित्येक तास क्लास हे खरेखुरे क्लास असतात. रत्नांची सावली नंतर पडते, साठाव्या लेव्हलनंतर ठळक होते. म्हणूनच दहा तास खेळून लिहिलेलं समीक्षण आणि शंभर तास खेळून लिहिलेलं समीक्षण ही जवळपास दोन वेगळ्या गेमची समीक्षणं होतात. साहित्याचा आढावा घेताना लेखक कुठपर्यंत खेळलाय हे आधी शोधा. बरेचजण सांगत नाहीत.

तुम्हाला अशा विषयावर काम करायचं असेल तर दोन खाती ठेवा, क्लास तोच, आणि रोज कुठे अडलात तेवढंच वहीत लिहा. काय मिळालं ते लिहू नका, ते गेम स्वतःच ढोल वाजवून सांगतो. राक्षसामुळे अडलात, साथीदार नाही म्हणून अडलात, की क्रेस्ट संपले म्हणून अडलात? तीन रकाने पुरतात. सोबत कोणत्या लेव्हलला अडलात तेही लिहा, म्हणजे साठाव्या लेव्हलच्या अलीकडे कोणता रकाना भरतो आणि पलीकडे कोणता, हे महिन्याभरात दिसू लागेल.

खेळाडूंशी बोलणार असाल तर खर्चाचा आकडा पहिल्या भेटीत विचारू नका. घरच्यांना तो माहीत नसतो. अठराच्या खालची मुलं असतील तर पालकांची लेखी संमती लागते, आणि इथल्या वस्त्यांत तो कागद मराठीसोबत हिंदी, उर्दू आणि तेलुगूतही करून ठेवावा लागतो. चारही भाषांत ‘क्लास’ला कोणता शब्द वापरायचा यावर माझी भाषांतर करणाऱ्यांशी अजून वादावादी चालू आहे. तेलुगूवाल्या मित्राने ‘क्लास’च ठेवलाय.