परक्या भाषेतले भूत : ‘चंद्रमुखी’च्या उत्तरभागाविषयी प्रेक्षकांचे मत

चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या मताला समीक्षेत स्थान द्यावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारलाच जात नाही. त्याचे नकारार्थी उत्तर गृहीत धरूनच आपण लिहावयास बसतो. भरतमुनी इतके उदासीन नव्हते. नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना त्यांनी प्रेक्षकांचे स्मित, हास्य, ‘साधु’ असे उद्गार, आसनावरून उठणे ह्या साऱ्यांची गणना केली आहे. प्रयोग साधला की फसला, हे प्रथम प्रेक्षागृहातच कळते, असा त्याचा अर्थ. भयानक रसाच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. कारण भिण्याच्या जागी हसणारा प्रेक्षक जो अभिप्राय देतो, त्याहून स्पष्ट अभिप्राय कोणत्याही टीकाकाराला देता येणार नाही.

असा एक अभिप्राय मी ऐकला तो चेन्नईत. ओरगडम नावाची दोन ठिकाणे त्या परिसरात आहेत. एक मोटारींच्या कारखान्यांमुळे आता सर्वांना ठाऊक झालेले, श्रीपेरुंबुदुरकडचे. दुसरे अंबत्तूरला लागून असलेले साधेसुधे वस्तीचे. ह्या दुसऱ्या ओरगडममध्ये माझा धाकटा भाऊ राहतो. २०२३ च्या सप्टेंबरअखेर मी त्याच्याकडे असताना पी. वासू ह्यांचा ‘चंद्रमुखी २’ हा तमिळ चित्रपट प्रदर्शित झाला, आणि शेजारच्या तीन-चार बिऱ्हाडांसह आम्ही तो पाहिला. परतताना सर्वांच्या बोलण्याचा सूर एकच होता. महाविद्यालयात जाणारी मुले संगणकाने रचलेल्या दृश्यांना आणि अस्थानी आलेल्या गाण्यांना हसत होती. पुरुषमंडळींना रजनीकांत नसल्याची खंत होती. ही मते खरी असली तरी वरवरची होती. त्यांतून एक मत मात्र मला विचारात पाडून गेले. मंडळींतल्या एक वृद्ध बाई, ज्यांना सारेच पाट्टी म्हणतात, मला म्हणाल्या : “त्या वेळी भूत नव्हते, तरी रात्री झोप आली नाही. ह्या वेळी खरेच भूत आहे, आणि मला मध्येच डुलकी लागली.”

पाट्टींनी पहिला ‘चंद्रमुखी’ २००५ साली शांति चित्रपटगृहात पाहिला होता. तेथे तो आठशेंहून अधिक दिवस चालला. त्यांच्या वाक्यातला विरोधाभास उलगडावयाचा तर ह्या कथेच्या उगमाकडे गेले पाहिजे.

१९९३ साली फाझिल ह्यांनी मधु मुट्टम ह्यांच्या कथेवरून ‘मणिचित्रताळु’ हा मल्याळम चित्रपट काढला. गंगा ही तरुण विवाहिता पतीच्या वडिलोपार्जित वाड्यात येते, कुलूपबंद दालन उघडते, आणि तेथे पूर्वी मारल्या गेलेल्या नागवल्ली ह्या नर्तकीचे भूत जागे झाले असे घरच्यांना वाटू लागते. पतीचा मित्र असलेला मनोरोगतज्ज्ञ निदान करतो की, भूत कोठेच नाही. गंगेचेच मन दुभंगले आहे. कन्नडमधला ‘आप्तमित्र’ (२००४), तमिळ ‘चंद्रमुखी’ (२००५) आणि हिंदी ‘भूल भुलैया’ (२००७) ही ह्याच कथेची रूपांतरे होत.

अनुवादाचा व्यवसाय करणाऱ्याला ह्या रूपांतरांत एक गोष्ट सहज दिसते. कथा एका भाषेतून दुसरीत जाते तेव्हा बाकीची पात्रे आपली भाषा बदलून यजमानाची भाषा स्वीकारतात. भूत तेवढे कधीच तसे करीत नाही. मल्याळम चित्रपटात नागवल्ली तंजावरची, म्हणून तमिळ बोलते. कन्नडमध्ये आणि तमिळमध्ये ती तेलुगू होते. हिंदीत ती बंगाली मंजुलिका होते. म्हणजे भूत नेहमी शेजारच्या भाषेचे. पूर्ण अनोळखी भाषा असती तर तो नुसता आवाज झाला असता. अर्धवट कळणारी, कानावरून गेलेली, पण आपली नव्हे अशी भाषा ओळखीच्या कंठातून उमटली की अंगावर काटा येतो. सुधीर कक्कर ह्यांनी राजस्थानातील बालाजीच्या देवस्थानी बाधितांचे जे निरीक्षण केले, त्यातही हिंदू रोग्यांना पछाडणारे भूत पुष्कळदा मुसलमान असल्याचे त्यांना आढळले. आपल्याकडचा ‘खवीस’ हा शब्दही अरबीतूनच आलेला आहे. स्वतःच्या मनातले जे स्वतःचे म्हणवत नाही, ते बोलण्यासाठी शेजाऱ्याचे तोंड उसने घ्यावे लागते.

मूळ चित्रपटाविषयीची एक हकीकत येथे सांगितली पाहिजे. गंगेची भूमिका करणाऱ्या शोभना ह्यांना तीबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण गंगेचा आवाज भाग्यलक्ष्मी ह्या ध्वनिकलावतीचा, आणि नागवल्लीचा तमिळ आवाज दुर्गा ह्या दुसऱ्या कलावतीचा. ही गोष्ट उघड व्हावयास वीसहून अधिक वर्षे लागली; तोवर दोन्ही आवाजांचे श्रेय पहिलीकडेच जात होते. दुसऱ्याच्या मुखाने बोलावे आणि आपले नाव कोणी विचारू नये, ही स्थिती अनुवादकाला अपरिचित नाही.

मराठी वाचकाने तंजावरच्या उल्लेखापाशी थोडे थांबावयास हरकत नाही. १८५५ पर्यंत ते भोसल्यांचे संस्थान होते. सरफोजी राजांनी (दुसरे) नृत्यासाठी मराठी पदे रचली, आणि ती तंजावरच्या दरबारी नर्तकींनी नाचून दाखविली. नागवल्ली कल्पित असली तरी तिच्या पिढीच्या एखाद्या तंजावरी नर्तकीच्या तोंडी मराठी शब्द असणे अशक्य नव्हते. मराठीत मात्र ह्या कथेचे रूपांतर झाले असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. झाले असते तर आपली नागवल्ली कोणत्या भाषेत बोलली असती? कानडीत? मस्तानीच्या बुंदेलीत? आपली भुते बहुधा घरचीच असतात : शनिवारवाड्यातला नारायणराव काकाला हाक मारतो ती मराठीत, आणि ‘झपाटलेला’तला (१९९३) तात्या विंचू बाहुल्यात शिरूनही अस्सल मराठीच बोलतो. त्याचे भय वाटण्यापेक्षा कौतुकच अधिक वाटते, ह्याचे एक कारण त्याच्या भाषेतही असावे.

आता पाट्टींच्या वाक्याकडे वळू. पहिल्या चित्रपटात भूत नव्हते असे त्या म्हणाल्या ते वैद्याच्या निदानाला धरून. परंतु तेथे वैद्य आणि मांत्रिक एकमेकांचे हात धरून काम करतात. वैद्य निदान करतो, पण उपाय विधीचाच योजतो : मंडल, अग्नी, आणि जुलमी धन्याच्या जागी ठेवलेला पुतळा, ज्यावर ती सूड उगवते. प्रेक्षकाला दोन्ही अर्थ लावता येतात, आणि शेवटपर्यंत कोणताही एक सोडवत नाही. अभिनवगुप्तांनी भयानक रसाचे उदाहरण म्हणून शाकुंतलातला पळणारा मृग घेतला आहे. त्याचे भय ना मृगाचे राहते ना प्रेक्षकाचे, ते कोणा एकाच्या मालकीचे नसते म्हणूनच आस्वाद्य होते. गंगेच्या कंठातून नागवल्ली बोलते तेव्हाही हे भय कोणाचे, हे सांगता येत नाही.

ह्या चित्रपटात नर्तकीला स्वतःचे शरीर नाही, हे ह्याहून महत्त्वाचे. भिंतीवर तिचे चित्र आहे. पण ती बोलते, नाचते ती केवळ गंगेच्या देहातून. ‘चंद्रमुखी’त ज्योतिका ह्यांचे डोळे आणि हात हेच चंद्रमुखीचे सर्वस्व. उत्तरभागाने नेमके हेच मोडले. त्यात भूत खरे आहे, ते घरातल्या मुलीत शिरते, राजाचेही भूत नायकात शिरते. आणि चंद्रमुखी म्हणून कंगना राणावत स्वतःच्या रूपात, दागिन्यांसह, गतकाळातल्या दरबारात साक्षात वावरतात. भूताला स्वतःचे शरीर मिळाले की ते ऐतिहासिक पात्र होते. त्याची कीव करता येते, त्याच्या बाजूने वा विरुद्ध न्याय देता येतो. त्याला भिता येत नाही. पाट्टींची डुलकी मला येथे समर्थनीय वाटते.

कोणी म्हणेल की, प्रेक्षकालाच खरे भूत हवे असते, आणि उत्तरभाग केवळ त्याची इच्छा पुरवितो. ‘भूल भुलैया २’ने (२०२२) खरे भूत आणून अमाप यश मिळविले, हे नाकारता येत नाही. पण ते यश विनोदी चित्रपटाचे होते. तेथे भूत हे हास्याचे निमित्त होते आणि प्रेक्षकही त्याच अपेक्षेने गेले होते. अमेरिकेत उलट घडले. ‘द एक्झॉर्सिस्ट’ने (१९७३) सैतान खराच आहे असे धरून लोकांना घाबरविले, १९७७ च्या उत्तरभागात जॉन बुरमन ह्यांनी मने जोडणारे यंत्र आणि गूढ तत्त्वविचार आणला, तेव्हा प्रेक्षक हसू लागले आणि दिग्दर्शकाला प्रदर्शनानंतर चित्रपट पुन्हा कापावा लागला. तेथे सैतानाचा सिद्धांत झाला, येथे रोगाचे भूत झाले. दोन्हीकडे पहिल्या चित्रपटाने मोकळे ठेवलेले दार उत्तरभागाने लावून टाकले, आणि दोन्हीकडे लोक हसले.

हा प्रश्न केवळ रसाचा असता तर मी एवढे लिहिले नसते. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका निवासात आग लागली. तेथे साखळ्यांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण सुटता न आल्याने जळून मेले. त्यांतल्या अनेकांना घरच्यांनी बाधा झाली म्हणूनच आणून सोडले होते. चार वर्षांनी त्याच राज्यात लक्षावधी लोकांनी ‘चंद्रमुखी’ पाहिला, आणि झपाटलेल्या स्त्रीला मारू नये, बांधू नये, तिला बोलू द्यावे आणि ऐकावे, ही गोष्ट त्यांनी रडत-हसत मान्य केली. चित्रपटाने कोणाला उपदेश केला नाही. त्याने फक्त गंगेविषयी काळजी वाटावयास लावली. उत्तरभागात कुटुंबावरच्या संकटांचे मूळ उपेक्षित कुलदैवतात आहे. तेथे रुग्ण कोणीच नाही, म्हणून वैद्याचीही गरज नाही. मराठीत आपण देव ‘अंगात येतो’ म्हणतो आणि भूत ‘लागते’ वा ‘झपाटते’; ज्या बाईच्या बाबतीत हे घडते, ती दोन्ही वाक्यांत कर्ता नसते. पहिल्या चित्रपटाने तिला वाक्याचा कर्ता केले होते.

त्या रात्री ओरगडमच्या गल्लीत शिरताना पाट्टींनी मला विचारले, पहिल्या चित्रपटातली ती मुलगी पुढे बरी राहिली का, तिला मूलबाळ झाले का. अठरा वर्षांनी आलेला उत्तरभाग पाहून आम्ही परतत होतो, आणि ह्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. मी म्हणाले, “अम्मा, ते त्यांनी सांगितले नाही.” “मग दुसरा भाग कशाला काढला?” असे म्हणून त्या जिना चढू लागल्या.