पहिल्या चित्रपटाचें भांडवल

चित्रपट-दिग्दर्शकाचा आरंभ कसा होतो, असा प्रश्न निघाला म्हणजे दादासाहेब फाळके यांच्या त्यागाची कथा सांगण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. विम्याची पॉलिसी गहाण पडली, पत्नीनें दागिने काढून दिले, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. येथें ती कथा बहुधा संपते. ती खरी आहे; परंतु तिच्यांतील मर्म अशानें निसटून जातें, असें आम्हांस वाटतें.

फाळके यांनीं छायाचित्रण व मुद्रण हे धंदे आधींच केलेले होते. १९१२ सालीं विलायतेस जाऊन त्यांनीं या नव्या कलेची माहिती करून घेतली व कॅमेरा मिळविला. तरीही त्यांनीं एकदम पुराणकथेस हात घातला नाहीं. कुंडींतील वाटाण्याच्या अंकुराची वाढ त्यांनीं एकेक चित्र घेऊन टिपली. तो चिमुकला पट पाहिल्यावरच भांडवल देणारा गृहस्थ पुढें आला. फिल्मच्या कडांस छिद्रें पाडण्याचें किचकट काम सरस्वतीबाईंनीं शिकून घेतलें. तारामतीच्या कामास स्त्री मिळेना, तेव्हां साळुंके या पुरुष नटाकडून ती भूमिका करवून घेतली.

दुसरा मार्ग उमेदवारीचा. व्ही. शांताराम हे कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत पडेल तें काम करीत शिकले. ‘नेताजी पालकर’ (१९२७) या चित्रपटानें ते दिग्दर्शक झाले ते कित्येक वर्षें राबल्यानंतर. ‘प्रभात’ उभी राहिली ती त्यापुढें दोन वर्षांनीं, १९२९ सालीं.

हे दोन्ही मार्ग वरवर भिन्न दिसले तरी त्यांचा क्रम एकच आहे: आधीं हात तयार झाला, मग पैसा पणास लागला. त्यागाच्या कथेनें भारावलेला तरुण हा क्रम उलटा करतो आणि घर गहाण टाकण्यास निघतो. पैशावांचून चित्रपट होत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण त्याग म्हणजे कौशल्याचा दाखला नव्हे. आज कॅमेरा ज्याच्या त्याच्या खिशांत आहे. वाटाण्याचा अंकुर टिपण्यास विलायतेस जावें लागत नाहीं. तेव्हां घरांतील मुलानें दिग्दर्शक होण्याचा हट्ट धरल्यास वडीलधाऱ्यांनीं त्यास धुडकावूं नये, आणि लगेच पेटीही उघडूं नये. ‘तूं आजवर काय करून पाहिलेंस, तें दाखव,’ एवढेंच म्हणावें. दाखविण्याजोगें कांहीं असेल, तर पुढचें बोलणें सोपें होईल.