लावणीकार ते संतकवी : दासगणू महाराजांच्या वाङ्मयीन प्रवासाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

कलावंताला तारुण्यात लोकप्रियता लाभावी, तिचा भर ओसरण्याआधीच त्याच्या मनात वेगळी ओढ निर्माण व्हावी आणि त्याने आयुष्याची दिशा बदलावी, अशी उदाहरणे प्रत्येक काळात आढळतात. दूरचित्रवाणीच्या पडद्यामुळे आज एखादा गायक अल्पावधीत घरोघरी पोहोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे कार्य काही अंशी गावोगावच्या जत्रा आणि तमाशाचे फड करीत असत. तत्काळ दाद देणारा आणि तितक्याच तत्परतेने कलावंताला विसरणारा श्रोतृवर्ग दोन्ही माध्यमांना समान आहे. फडाच्या या जगात रमलेला एक पोलीस शिपाई पुढे शिर्डीच्या साईबाबांचा कीर्तनकार आणि आधुनिक महाराष्ट्रातील एक प्रमुख संतचरित्रकार झाला. गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे अर्थात दासगणू महाराज (१८६८–१९६२) हे त्याचे नाव होय.

दासगणूंच्या जीवनाचा विचार बहुधा एका ठराविक साच्यात केला जातो. आधी लावणी, मग पश्चात्ताप आणि शेवटी भक्ती, असा तो साचा आहे. त्यात पूर्वायुष्याला केवळ उत्तरायुष्याच्या तेजाला उठाव देणाऱ्या अंधाराचे स्थान मिळते. हा साचा दासगणूंच्या काव्याच्या आकलनाला कितपत उपकारक ठरतो, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

फडापासून शिर्डीपर्यंत

दासगणूंचा जन्म अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोळनेर येथे १८६८ साली झाला. औपचारिक शिक्षण बेताचे. परंतु शब्द जुळवण्याची उपजत हातोटी विलक्षण होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ते पोलीस खात्यात शिपाई म्हणून रुजू झाले. नोकरी सांभाळून तमाशाला जाणे, लावण्या रचणे, प्रसंगी तेथल्या तेथे कवन करून देणे, हा त्यांचा छंद असल्याचे चरित्रपर लेखनात नमूद आहे. फौजदार होण्याची आकांक्षाही मनात होती. म्हणजे एकीकडे खात्यातील बढतीची ओढ आणि दुसरीकडे फडातील वाहवा, अशा दोन लौकिक आकर्षणांमध्ये हे आयुष्य चालले होते.

डेप्युटी कलेक्टर नारायण गोविंद उर्फ नानासाहेब चांदोरकर यांच्यासोबत त्यांचे शिर्डीला जाणे झाले ते शिपाई या नात्याने. ते काही जिज्ञासू साधक म्हणून मशिदीची पायरी चढले नव्हते. साईबाबांनी नोकरी सोडण्याविषयी वारंवार सुचवावे, त्यांनी होकार द्यावा आणि पुन्हा फौजदारीच्या आशेने दिवस ढकलावेत, असे काही वर्षे चालले. वामनशास्त्री इस्लामपूरकर यांचा गुरूपदेश त्यांना लाभला होता. तरीही प्रत्यक्ष नोकरी सुटली ती १९०३ साली. येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. दासगणूंचे परिवर्तन एका रात्रीत घडलेले नाही. वचन देणे आणि ते मोडणे यांची दीर्घ मालिका त्यामागे आहे. साचेबद्ध चरित्रकथन ही चालढकल झटपट ओलांडून जाते. वास्तविक त्यांच्या आध्यात्मिक शोधाचा मानवी आशय तिच्यातच सामावलेला आहे.

अनंत फंदी आणि राम जोशी यांची पूर्वपरंपरा

दासगणूंचा हा प्रवास एकाकी मानण्याचे कारण नाही. त्यांच्याच जिल्ह्यातील संगमनेरचा शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) हा तमाशाचा फड गाजवून पुढे कीर्तनाकडे वळला. महेश्वर येथे अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केल्यावर त्याने डफ टाकला, असे परंपरा सांगते. सोलापूरच्या राम जोशींची कथाही याच वळणाची असून तेथे अहिल्याबाईंच्या जागी मोरोपंत आहेत. तीनही कवी ब्राह्मण असल्याने त्यांनी तमाशात जाणे हा तत्कालीन समाजाच्या दृष्टीने मर्यादाभंग होता. त्यामुळे परतीच्या कथेत भक्तीइतकाच प्रतिष्ठेचा पुनर्लाभही सूचित झालेला असतो, हे समीक्षकाने नजरेआड करता कामा नये. ज्यांच्या कलेवर फड उभा होता, त्या कलावंतांना असा परतीचा मार्ग सहसा उपलब्ध नव्हता.

तथापि या पूर्वपरंपरेतून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. फंदी कीर्तनाकडे वळला तरी त्याच्या फटक्यांतील ठसका शाहिराचाच राहिला. राम जोशींची शब्दकळा आणि लयीवरील पकड कीर्तनातही त्यांच्या कामी आली. विषय पालटला, श्रोता पालटला. हात मात्र तोच राहिला. दासगणूंनी ‘श्री साईनाथ स्तवनमंजरी’ १९१८ साली पूर्ण केली ती नर्मदातीरी महेश्वर येथेच. ज्या क्षेत्री फंदीने डफ टाकल्याचे सांगितले जाते, तेथेच त्याच्या जिल्ह्यातील दुसऱ्या लावणीकाराने आपले स्तोत्र सिद्ध करावे, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो.

अंगरख्याचा प्रसंग

गोविंद रघुनाथ दाभोलकर उर्फ हेमाडपंत यांच्या ‘श्रीसाईसच्चरित’ या ५३ अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथात दासगणूंचे उल्लेख अनेकवार येतात. त्यांपैकी १५ व्या अध्यायातील प्रसंग प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे. कीर्तनासाठी अंगरखा, उपरणे, फेटा असा पोशाख करून दासगणू बाबांना वंदन करण्यास गेले. नवरदेवासारखा हा साज कशासाठी, असा बाबांच्या प्रश्नाचा आशय होता. तो सर्व साज त्यांनी तेथेच उतरवला. तेव्हापासून कमरेच्या वर उघडे अंग, गळ्यात हार आणि हाती चिपळ्या अशा नारदीय वेषातच ते कीर्तनास उभे राहू लागले.

या प्रसंगाचे वाचन बहुधा वैराग्याचा उपदेश एवढ्यापुरते मर्यादित राहते. परंतु येथे काय काढून घेतले गेले आणि काय राहू दिले गेले, याचा विचार केल्यास निराळा अर्थ हाती येतो. बाबांनी गाणे थांबवले नाही. आख्यान रंगवण्याची, हशा पिकवण्याची किंवा श्रोत्यांना हेलावून सोडण्याची दासगणूंची शक्ती त्यांनी दोषास्पद मानली नाही. उतरवला गेला तो केवळ पोशाख, म्हणजे कलावंत आणि श्रोता यांच्यामध्ये उभा राहणारा प्रतिष्ठेचा पडदा. त्याच अध्यायात हेमाडपंत श्रोत्यांच्या रुचीचे मार्मिक वर्गीकरण करतात. कोणाला कीर्तनकाराची विद्वत्ता आवडते, कोणाला हावभाव, कोणाला गाणे, तर कोणाला विनोद. ऐकून श्रद्धा जागी होणारे श्रोते मात्र विरळाच. हे वर्णन तमाशाच्या श्रोत्यांनाही सहज लागू पडावे. कीर्तनकाराला तोच समुदाय लाभतो. त्याला कोठे घेऊन जायचे, हा प्रश्न तेवढा नवा असतो.

दासगणूंच्या कीर्तनाचे फलित याची साक्ष देते. आख्यान कोणत्याही संताचे असो, ते साईबाबांची तसबीर शेजारी ठेवीत आणि कीर्तनाची बिदागी घेत नसत. ठाण्याच्या कौपिनेश्वर मंदिरातील कीर्तन ऐकून चोळकर नावाच्या गरीब उमेदवाराने, नोकरी कायम झाल्यास शिर्डीला जाऊन खडीसाखर वाटण्याचा नवस केला आणि तोवर साखर वर्ज्य केली, ही कथा याच अध्यायात आहे. मुंबई, ठाणे आणि कोकण या भागांत साईबाबांचे नाव पोहोचवण्यात छापील ग्रंथांच्या आधीपासून या कीर्तनांचा मोठा वाटा होता. शिर्डीच्या रामनवमी उत्सवातील कीर्तनाची जबाबदारीही १९१४ पासून त्यांच्याकडे कायमची सोपवण्यात आल्याचे सच्चरितात नमूद आहे.

मोलकरणीचे गाणे

२० व्या अध्यायातील ईशावास्योपनिषदाची कथा या दृष्टीने अधिकच बोलकी आहे. दासगणू या उपनिषदावर ओवीबद्ध टीका लिहीत असता त्यांना काही स्थळांचा उलगडा होईना. पंडितांशी चर्चा करूनही समाधान झाले नाही. तेव्हा विलेपार्ल्यास काकासाहेब दीक्षितांकडील मोलकरीण शंका फेडील, असे बाबांनी सांगितले. पहाटे दासगणूंना गाणे ऐकू आले. अंगावर फाटके नेसलेली एक लहान मुलगी भांडी घासता घासता नारिंगी साडीचे, तिच्या काठापदराचे कौतुक गात होती. दासगणूंच्या सांगण्यावरून तिला नवी साडी मिळाली. एक दिवस ती नेसून ती आनंदाने फुगडी खेळली. दुसऱ्या दिवशी नवी साडी घरी ठेवून पुन्हा जुनेच नेसून आली, परंतु तिच्या मुद्रेवरील आनंद तसाच होता. त्यागपूर्वक भोगाचे उपनिषदातील सूत्र दासगणूंना तेथे उमगले.

या कथेत उपनिषदाचा अर्थ एका शृंगारिक नव्हे, तरी पूर्णतः लौकिक गाण्यातून उघडतो. साडी, काठ, पदर, रंग ही सामग्री लावणीच्या जगालाही परकी नाही. ज्या कानाने फडातील बोल टिपले होते, त्याच कानाला मोलकरणीच्या गाण्यातील सूर थांबवू शकला. तो सूर ऐकण्याची सवय नसलेला निव्वळ पंडित ग्रंथातच अडकून पडला असता. पूर्वायुष्य दासगणूंच्या शोधातील अडथळा होते, या समजुतीला हा प्रसंग छेद देतो.

तथापि एक प्रश्न शिल्लक राहतो. ती मुलगी गुरूच्या भूमिकेत येते आणि कथेतून लगेच नाहीशी होते. तिचे दारिद्र्य दृष्टान्ताची सामग्री बनते. त्याच्या निवारणाचा विचार एका साडीपलीकडे जात नाही. भक्तिकथेची ही मर्यादा आहे आणि ती मान्य करूनच कथेचे मोल करावे लागते.

आख्यानकाव्याचे गुण व मर्यादा

‘भक्तलीलामृत’ (१९०६), ‘संतकथामृत’ (१९०८) आणि शेगाव येथे १९३९ मध्ये सिद्ध झालेला २१ अध्यायांचा ‘श्रीगजाननविजय’ ही दासगणूंची प्रमुख चरित्रकाव्ये होत. पहिल्या दोन ग्रंथांतील काही अध्याय साईबाबांवर असून ते बाबांच्या हयातीतच प्रसिद्ध झाले, हे त्यांचे ऐतिहासिक महत्त्व आहे. ‘श्रीगजाननविजय’चे पारायण आजही महाराष्ट्रात घरोघरी होते. ही लोकप्रियता केवळ श्रद्धेने स्पष्ट होत नाही. प्रसंगात थेट शिरणे, संवादांतून व्यक्ती उभी करणे, बोलीतील चपखल शब्द योजणे आणि ओवीची गती कोठेही अडखळू न देणे, हे गुण तिच्या मुळाशी आहेत. समोरचा श्रोता उठून जाऊ शकतो, ही जाणीव फडावर ज्याला आली, त्याचीच ही शैली आहे.

शिर्डीच्या नित्य आरतीत त्यांच्या रचना आजही गायिल्या जातात. शिर्डीलाच पंढरी मानणारे त्यांचे पद वारकरी वळणाचे आहे, तर कृपादृष्टीची याचना करणारे दुसरे पद हिंदी-उर्दू शब्दकळेत बांधलेले आहे. एकाच कवीने दोन्ही वळणे सहजतेने हाताळावीत, यामागेही फडातील मिश्रभाषिक संस्कार असण्याचा संभव आहे. मशिदीला द्वारकामाई म्हणणाऱ्या बाबांच्या दरबारात हा संस्कार अनाठायी ठरला नाही.

याच गुणांतून त्यांचे दोषही उद्भवतात. कथा जुळवून आणण्याची कीर्तनकाराची वृत्ती इतिहासावर मात करते. साईबाबांच्या पूर्वायुष्याबद्दल विश्वसनीय माहिती नसता, दासगणूंनी सेलूचे गोपाळराव देशमुख हे त्यांचे गुरू असल्याचे वर्णन केले. कालगणनेच्या कसोटीवर हा दुवा टिकत नाही, असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. कथानकातील रिकामी जागा श्रोत्याला खुपते, म्हणून ती भरून काढणे ही फडाची रीत होय. चरित्रग्रंथात मात्र तीच रीत पुराव्याचे रूप धारण करते आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानली जाते. चमत्कारांची रेलचेल आणि उपदेशाचा अतिरेक यांमुळेही काही अध्याय शिथिल झाले आहेत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. दासगणूंचे परिवर्तन हे कलेचा त्याग नसून कलेच्या प्रयोजनात झालेला बदल आहे. सुटली ती नोकरी, बिदागी आणि पोशाख. गाणे अखेरपर्यंत राहिले.

२. अनंत फंदी, राम जोशी आणि दासगणू यांना एका रेषेत ठेवून पाहिल्यास शाहिरी आणि कीर्तन यांतील देवघेव स्पष्ट होते. त्याचबरोबर परतीच्या या कथांमागील सामाजिक प्रतिष्ठेचे कारणही लक्षात येते.

३. दासगणूंच्या चरित्रकाव्याची वाचनीयता आणि त्याची ऐतिहासिक अविश्वसनीयता यांचा उगम एकच आहे. म्हणून एकीचे कौतुक करताना दुसरीकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे.

४. अध्यापनात संत, पंडित आणि शाहिरी अशी काव्याची स्वतंत्र दालने करण्याची प्रथा आहे. दासगणूंसारखा कवी त्यामुळे कोणत्याच दालनात नीट बसत नाही. भाविकांच्या हाती त्यांचे ग्रंथ लाखोंनी असताना मराठी समीक्षेत त्यांची दखल अल्प असण्याचे हेही एक कारण होय.

१५ ऑक्टोबर १९१८ रोजी साईबाबांनी देह ठेवला, तेव्हा दासगणू पंढरपुरास होते. स्वप्नातील सूचनेनुसार ते शिर्डीस आले आणि त्यांनी समाधीसमोर कीर्तन व नामसंकीर्तन केले, असे सच्चरित सांगते. पुढे नांदेड परिसर ही त्यांची प्रमुख कर्मभूमी ठरली आणि २६ नोव्हेंबर १९६२ रोजी पंढरपूर येथे त्यांचे निधन झाले. नोकरी सोडल्यानंतरच्या सुमारे साठ वर्षांत त्यांनी कीर्तन सोडले नाही. भाविक या निष्ठेला गुरुकृपा म्हणतील. समीक्षकाने तीत फडावर घडलेल्या गळ्याचाही वाटा पाहावा. त्याने दासगणूंच्या संतत्वाला उणेपणा येत नाही आणि त्यांच्या काव्याला मात्र न्याय मिळतो.